या पाट्यांमागची माणसं दिवसभर करतात काय?

फुरसुंगीकर

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात पीएमपीच्या बस डेपोत मेकॅनिक आहे. आयटीआय, डिझेल मेकॅनिक, नोकरीला २२ वर्षं झाली. थोरली मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं एक पक्कं झालंय, "बाबा, मला रिसर्च करायचाय." कशात, ते काही पक्कं नाही. सोमवारी आकाशगंगा असते, गुरुवारपर्यंत त्याची बॅटरी झालेली असते.

गेल्या शनिवारी सुट्टी बदलून घेतली आणि तिला घेऊन गणेशखिंडला विद्यापीठात गेलो. शनिवारचं डोक्यातच आलं नाही, बरीच दारं बंद. मग दोघं नुसते पाट्या वाचत हिंडलो. पदार्थविज्ञान, रसायन, भूशास्त्र, पर्यावरण, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, इथवर शाळेत ऐकलेलं होतं. मग इलेक्ट्रॉनिक सायन्स वेगळं आणि इन्स्ट्रुमेंटेशन सायन्स वेगळं. जैवतंत्रज्ञान एक, जैवमाहितीशास्त्र दुसरं. वातावरण आणि अवकाश यांचा तिसराच विभाग. आणि त्याच आवारात आयुका, एनसीआरए, एनसीसीएस, सीडॅक. हे विद्यापीठाचेच की शेजारी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "सगळे एकाच गेटनं येतात साहेब."

आता माझा प्रश्न. मला डेपोत कुणी विचारलं की दिवसभर काय करता, तर मी सांगू शकतो. सकाळी रात्रीच्या ब्रेकडाऊनच्या गाड्या, मग एअर ब्रेकची गळती शोधायची, दुपारनंतर क्लच नाहीतर रेडिएटर, मध्ये दोनदा चहा. तसं या पाट्यांमागची माणसं सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा नक्की काय करतात? हातात काय असतं त्यांच्या? मुलगी म्हणते, बाबा, असं नसतं विचारायचं. पण विषयाचं मोठेपण सांगितलं तर मला काही समजणार नाही, हे समजेल.

पेठेतला

चहा पितात. मग पैसे मिळावेत म्हणून अर्ज लिहितात, मिळालेले पैसे खर्च झाल्याचे दाखले लिहितात, आणि उरलेल्या वेळात बंद पडलेल्या मशिनच्या इंजिनिअरची वाट बघतात.

चेष्टा सोडा. शेजाऱ्यांचं सांगतो. आयुका खगोलशास्त्राची संस्था, यूजीसीची, १९८८ मध्ये निघाली, देशभरच्या विद्यापीठांना सामायिक. जयंत नारळीकर पहिले संचालक. एनसीआरए टीआयएफआरची, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, रेडिओ खगोलवाली. एनसीसीएस पेशींवर काम करणारी, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची. सीडॅक केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची, १९९१ चा परम ८००० महासंगणक यांचाच. वाडा एक, बिऱ्हाडं वेगळी. पीएचडीची पोरं मात्र या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात जेवायला जात असतात, त्यामुळे पाटीवर फार जाऊ नका.

फुंकणी

फुरसुंगीकर, तुमचा प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडला होता, आणि मी तर आत नोकरीला होतो.

मी ३१ वर्षं एका विद्यापीठात ग्लास ब्लोअर होतो. कुठल्या ते विचारू नका, पुढे थोडी कुरकुर येणार आहे. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की पोरगा बांगड्या करतो. काम असं, की प्रयोगशाळेला लागणारं जे काचसामान कॅटलॉगात मिळत नाही ते बनवायचं, आणि जे मिळतं पण मोडलंय ते जोडायचं. रसायनच्या तळमजल्यावर खोली. ऑक्सिजन आणि एलपीजीचा बर्नर, तोंडात धरायची रबरी नळी, एक छोटा लेथ, एक भट्टी. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे ज्योत पिवळीधमक भगभगते आणि काच दिसेनाशी होते. हा चष्मा नेमका तेवढाच पिवळा खातो. मग ज्योतीच्या आत काच काकवीसारखी वळताना दिसते.

सगळे विभाग माझ्याकडे यायचे. त्यांचे पेपर मला वाचता यायचे नाहीत, पण कोण काय मोडून आणतो यावरून मी विभाग ओळखायचो.

रसायनवाले कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करायची काचनळी, आणायचे, कायम एकाच जागी तुटलेला. पाण्याची नळी लावायची चोच असते ना, ती. रबरी नळी घट्ट धरून बसते, संध्याकाळी घाईत ओढली की चोच हातात. मी ओरडायचो, ओढू नका, ब्लेडनं कापा, नळी स्वस्त आहे. एकानं ऐकलं नाही ३१ वर्षांत.

वनस्पतीवाल्यांचं सॉक्सलेट. पानं, साली, मुळ्या वाळवून कुटून त्यात भरायच्या आणि खाली अल्कोहोल उकळत आठ-आठ तास अर्क काढायचा. त्याला बाजूनं सायफनची एक बारीक वाकडी नळी असते, मोडली तर तीच मोडणार. दुरुस्तीला आलेलं सॉक्सलेट नीट धुतलेलं नसायचंच, ज्योतीजवळ नेलं की वास सुटायचा. कुणाचा अडुळसा चाललाय आणि कुणाचा कडुनिंब, हे मला त्यांच्या गाइडच्या आधी कळायचं.

फिजिक्सवाले क्वार्ट्झच्या नळ्या घेऊन यायचे. हजार-हजार अंशांच्या भट्टीत ती नळी ठेवायची आणि आत कुठल्याशा पदार्थाचा पातळ थर चढवायचा, असं काहीतरी. बाहेर काढली की नळीवर दुधाळ डाग. "काका, काच खराब आली." काच खराब नव्हती, हात लागलेला होता. बोटांच्या घामातलं मीठ राहिलं की तापल्यावर तेवढ्या जागी काचेचं स्फटिक होतं, आणि गार होताना तिथंच तडा जातो. एकदा एका नळीवर चार बोटं स्वच्छ उमटून आली. मी म्हटलं, यावरून माणूस शोधून देतो. समोरचे पाचही जण खिशात हात घालून उभे.

सूक्ष्मजीववाल्यांची तऱ्हा उलटी. त्यांना हवाच नको. गोबर गॅस बनवणारे जिवाणू ऑक्सिजन लागला की संपले. म्हणून सगळं नायट्रोजनखाली करायचं, पण सिलिंडरच्या नायट्रोजनमध्येही थोडा ऑक्सिजन उरतोच. त्यासाठी त्यांना एक उभी नळी हवी होती, आत तांब्याच्या तारांचे तुकडे आणि बाहेरून तापवायची तार. नायट्रोजन त्यातून गेला की तापलेलं तांबं उरलासुरला ऑक्सिजन पकडतं आणि काळं पडत जातं, खालून वर. पूर्ण काळं झालं की हायड्रोजन सोडायचा, पुन्हा लालबुंद. पहिल्यांदा चालू केली तेव्हा मी माझं काम सोडून अर्धा तास तिथंच उभा होतो. आमच्या घरी तांब्याचा बंब चिंचेनं घासायचे, तोच रंग, कुणी हात न लावता.

प्राणिशास्त्रवाल्यांना सुया लागायच्या. फळमाशीचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, त्यात टोचायची पोकळ सुई. पुढे त्यासाठी मशिन आलं, बरंच झालं. पर्यावरणवाले हवेतले वायू धरायच्या इंपिंजरच्या तुटलेल्या तोट्या आणायचे, बहुतेक दिवाळीनंतर. इंजिनिअरिंगवाल्यांना ड्रॉइंग आणायची चांगली सवय, पण त्यावर माप लिहिलेलं असायचं अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर. फुंकलेल्या काचेला! मी विचारायचो, हे तू तोंडानं फुंकून दाखवतोस का. गणित-स्टॅटवाले कधी आलेच नाहीत, त्यांना लागतंच काय. एकदाच गणिताच्या एक बाई आल्या आणि त्यांनी क्लाइन बाटली मागितली. म्हणजे जिला आत आणि बाहेर असं वेगळं नसतं, तिची मान स्वतःच्याच पोटात शिरून तळाला उघडते. तीन दिवस लागले. बाईंनी हातात घेऊन सांगितलं, "खरी बाटली अशी स्वतःला छेदत नाही, पण तुमचा नाइलाज आहे." मला काही तो नाइलाज कळला नाही. बाटली अजून त्यांच्या कपाटात असेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही लिहिलंत, एअर ब्रेकची गळती शोधतो. तेच. निम्म्या पाट्यांमागे दिवसभर गळतीच शोधतात. तुमची हवा बाहेर जाते, यांची आत येते, एवढाच फरक. व्हॅक्यूमचा पंप रात्रभर चालवूनही काटा खाली येत नाही म्हटलं की मला बोलावणं यायचं. माझ्याकडे टेस्ला कॉइल होती, हातात धरायची, टोकातून जांभळी ठिणगी निघते. काचेवरून हळूहळू फिरवत न्यायची. ठिणगी इकडंतिकडं भरकटत राहते, आणि जिथं सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तिथं एकाच बिंदूत शिरते, पांढरीशुभ्र. त्या क्षणी खोलीतला प्रत्येक जण "हां" म्हणतो, विभाग कुठलाही असो.

आणि एकदा हीच गळती अंगावर आली होती. रसायनचा एक नवीन मुलगा, हुशार, पण घाईचा. व्हॅक्यूमच्या नळीत द्रव नायट्रोजनचा ट्रॅप लावलेला असतो, वाफा तिथं गोठाव्यात म्हणून. उणे १९६ अंश. याचा एक कॉक अर्धवट उघडा राहिला होता आणि तासभर हवा आत येत होती. संध्याकाळी मला बोलवायला आला, "काका, बघा तरी काय सुंदर आलंय ट्रॅपमध्ये." आकाशासारखं फिकट निळं पाणी, चार बोटं. माझ्या पोटात गोळा आला. ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रव होतो, म्हणजे नायट्रोजनच्या थंडीत हवेतला ऑक्सिजन साठत गेलेला. त्याच नळीत अल्कोहोल-इथरच्या वाफा, आणि पोरगा नायट्रोजनची बाटली खाली करून ट्रॅप गरम करायच्या बेतात. म्हणजे स्फोटच. हात धरला त्याचा. मजला रिकामा केला, सरांना बोलावलं. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही खाली चाफ्याजवळ उभे. तो निळा रंग मी नंतर कशातच बघितला नाही. पोरगा आज मोठा शास्त्रज्ञ आहे, आणि कॉक दोनदा तपासतो असं ऐकलंय.

म्हणून सांगतो. पाट्यांवरून ठरवू नका, आणि प्रोफेसरला तर विचारूच नका, तो विषयाचं मोठेपण सांगेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पीएचडीच्या पोराला नाहीतर पोरीला कँटीनमध्ये गाठा, वडापाव खाऊ घाला आणि विचारा, गेल्या आठवड्यात काय बिघडलं? जे ऐकून तुमच्या मुलीला वाटेल की हे मी केलं असतं, तिथं तिला पाठवा. ज्या बिघाडाची गोष्ट ऐकतानाच जांभई येते, तिथं पाच वर्षं काढणं अवघड.

कुरकुर राहिली. मी रिटायर झाल्यावर जागा भरलीच नाही. खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. एक साधा टी-जोड हवा असला तरी बाहेरगावाहून मागवतात, तीन आठवडे. लेथ भंगारात गेला, बर्नर मी स्वतः बोली लावून विकत घेतला.

मुरूमवाली

फुंकणी काका, आम्हाला विसरलात! भूशास्त्राची पीएचडी, चौथं वर्ष, म्हणजे तुमच्या वडापावच्या यादीत मी बसते.

गेल्या आठवड्यात काय बिघडलं ते सांगते. दगडाची चकती. बेसाल्टचा तुकडा काचपट्टीवर चिकटवायचा आणि ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत घासायचा. काळा फत्तर तेवढा पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन पोलरॉइडमध्ये फिरवला की रंग दिसतात. जाडी बरोबर झाली की नाही ते रंगावरूनच ओळखायचं. दगडातलं फेल्डस्पार हे खनिज राखाडी दिसलं की थांबायचं, पिवळट असेल तर अजून घासायचं. सोमवारी मी राखाडीच्या पुढे चार फेऱ्या गेले आणि चकती संपली. काचपट्टीवर नुसता गोंद. तो दगड आणायला घाटात पावसात गेलो होतो.

फुरसुंगीकर काका, तुमच्या पायाखालचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, थरावर थर. घाटरस्त्याला कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो कधीकधी. खालचा थर गार होऊन वर माती धरेपर्यंत मध्ये जो वेळ गेला, त्याची ती खूण. माझा सगळा प्रबंध त्या हातभर विटकरी मातीवर आहे. दिवसभर हातात काय असतं विचारलंत म्हणून सांगते, चाळणी असते. एकावर एक सहा चाळण्या, आणि कानात धूळ.

शिवाय तुमच्या जवळच्याच वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचा स्फटिक सापडतो, मोरपिशी निळ्या सुयांचे झुबके. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलंय. जगभरच्या संग्रहालयांत वाघोलीचं नाव लिहून ठेवलेला आहे आणि वाघोलीत लोक त्या खडीवर स्लॅब टाकतात.

सरासरी

"गणित-स्टॅटवाल्यांना लागतंच काय", यावर निषेध.

आम्हाला लागते ती दुसऱ्यांची आकडेवारी, आणि ती मागायला आम्ही तुमच्या तळमजल्यावर नाही, थेट विभागात जातो. पुण्यातलंच उदाहरण घ्या, दामोदर धर्मानंद कोसंबी. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र दिलं. गुणसूत्रावर दोन जनुकं किती लांब आहेत ते संततीत ती किती वेळा वेगळी होतात यावरून काढतात, पण अंतर वाढलं की तुटून पुन्हा जुळण्यामुळे हिशेब चुकायला लागतो. एकीकडे तुटलं की शेजारी लगेच तुटत नाही, हे धरून त्यांनी तो हिशेब बसवला. आज कुणी गव्हाचा नाहीतर भाताचा जनुकीय नकाशा करायला बसलं की सॉफ्टवेअर विचारतं, कोसंबी वापरू का? त्या पोरांपैकी कितींना माहीत असतं की हा गृहस्थ पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जाऊन अश्मयुगीन गारगोटीची पाती गोळा करायचा? हजारो जुनी नाणीही त्यांनी तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, तेव्हा घटलेल्या वजनावरून ते किती वर्षं बाजारात होतं ते काढायचं. पुढे टीआयएफआरमध्ये गेले तरी राहणं पुण्यातच, डेक्कन क्वीननं जाऊन-येऊन.

हे कुठल्या पाटीखाली बसवणार, सांगा.

पाटबंधारे

इंजिनिअरिंगचा एकही माणूस अजून बोलला नाही म्हणून येतो. फुंकणी काका, ०.०५ वाल्यांबद्दल माफी. आम्हाला शिकवतातच तसं.

मी एम.टेक.ला असताना खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदराचं मॉडेल बघायला नेलं होतं. १९१६ सालची संस्था, मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी सुरू झालेली. मैदानाएवढ्या शेडमध्ये सिमेंटचा समुद्रकिनारा, खाडी, जेट्टी, सगळं. मॉडेल एकास शंभर असेल तर वेळ शंभरपट नाही, दहापट आखडतो, कारण गुरुत्वाकर्षणाखाली वाहणाऱ्या पाण्यात वेळ अंतराच्या वर्गमुळानं जातो. म्हणजे समुद्रात १२ तास २५ मिनिटांनी येणारी भरती तिथं सव्वा तासानं येते. आम्ही डबे उघडून जेवायला बसलो तेव्हा ओहोटी होती, हात धुवून आलो तर जेट्टीला पाणी लागलेलं. दिवसभर काय करतात म्हणाल तर लाकडाचा भुसा नाहीतर कागदाचे कपटे पाण्यावर सोडून ते कुठं अडतात ते बघतात. जिथं कपटा अडतो तिथं खऱ्या बंदरात गाळ साठणार, असा अंदाज.

सीओईपीच्या मुलांचा ‘स्वयम्’ उपग्रहही सांगण्यासारखा. किलोभराच्या आत वजन, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही सी-३४ नं गेला, एकूण २० उपग्रहांतला एक. त्याला दिशा धरायला मोटर नाही, वीज नाही. आत चुंबक बसवलेलं, ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतं, होकायंत्राच्या काट्यासारखं. कॉलेजच्या पोरांच्या पिढ्या बदलल्या त्यात, सुरू करणारे पास होऊन गेले आणि सोडणारे वेगळेच.

आणि तुमच्या धंद्यातलं हवं असेल तर वेताळ टेकडीला एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहेच. तिथं गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात आणि मागचा धूर मोजतात. तुमच्या मुलीला हे आवडेल असं नाही, पण तुम्हाला नक्की आवडेल.

फुरसुंगीकर

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. डेपोत जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं, निळ्या पाण्याचा भाग दोनदा वाचायला लावला.

मुरूमवाली ताई, वाघोलीला माझ्या साडूचं क्रशर होतं. मोरपिशी खडे आम्ही पोरं लहान असताना त्यांना खेळायला दिलेत.

मुलीनं सगळं वाचलं. आता ती परत आकाशात गेली आहे. म्हणते, गुरुत्वीय लहरी. हिंगोलीकडे औंढा नागनाथजवळ मोठी वेधशाळा होतेय, तिचं इकडं आयुकात काम चालतं. मी म्हटलं, अगं, फुंकणी काका काचेचं सांगतायत, त्यात काच कुठं आली?

फुंकणी

काच कुठं आली? अहो, तिथंच तर आली.

मी एकदा विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन बघून आलो, नारायणगावजवळ. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, नुसत्या तारांच्या जाळ्या दोरांनी ताणलेल्या. रेडिओ खगोलवाले शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची युक्ती. रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची किंवा त्याहून लांब, तिला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो. म्हणून थाळी हलकी आणि स्वस्त. मला मान्य, पण वाईट वाटलं. एवढी मोठी दुर्बीण आणि काचेचा तुकडा नाही.

मग त्या गुरुत्वीय लहरींचं आयुकाच्या एका व्याख्यानात ऐकलं. अमेरिकेतल्या वेधशाळेत आरसे ४० किलोचे आहेत, आणि प्रत्येक आरसा कशावर टांगलाय? काचेच्या चार धाग्यांवर. शुद्ध सिलिका, क्वार्ट्झचीच बहीण, एकेक धागा ०.४ मिलिमीटरचा. पोलादाची तार घेतली तर ती आतल्या आत कुरकुरते, काच नाही कुरकुरत. कांडी तापवून ओढून धागा काढतात. बर्नरनं नाही, लेझरनं, कारण ज्योतीतलं काही चिकटायला नको. आणि हात लावायचा नाही! बोट लागलं की धागा गेला. मी व्याख्यानात एकटाच हसलो, शेजारच्यांनी बघितलं. चार-चार किलोमीटरच्या नळ्या आणि त्यात व्हॅक्यूम हवेच्या एक लाख कोटीव्या भागाइतकं. तिथं गळती शोधणाऱ्याचा विचार करा. आमचं एका खोलीतलं, तरी रात्र जायची.

मुलीला घेऊन या रविवारी. बर्नर घरी मागच्या पडवीत आहे, अजून चालतो. पत्ता खासगी निरोपात टाकतो. येताना मेडिकलमधून ग्लिसरीनची एक मोठी बाटली आणा, माझी संपलीय. एक गंमत दाखवतो.

फुरसुंगीकर

जाऊन आलो.

काकांनी चंचुपात्रात ग्लिसरीन ओतलं आणि दोन कांड्या बुडवल्या. एक साधी काच, ती दिसत राहिली. दुसरी बोरोसिलची, ती पातळीखाली गेली तेवढी दिसेनाशीच झाली. वरचा भाग हातात, खालचा नाही. मुलगी म्हणाली, अपवर्तनांक सारखा असणार. काका म्हणाले, नाव काहीही असू दे, भंगारातून बोरोसिल वेगळी काढायला मी ३१ वर्षं हेच केलं. मग तिला चष्मा देऊन बर्नरवर बसवलं. तिनं नळी फुगवायला घेतली ती एका बाजूनंच फुगली, फुटली. दुसरी पण. चौथीला लिंबाएवढा गोळा झाला, वाकडा. घरी आणलाय, टीव्हीवर ठेवलाय.

परतीच्या बसमध्ये काही बोलली नाही. हडपसर गाडीतळाला उतरताना विचारलं, बाबा, तुम्ही एअर ब्रेकची गळती शोधता म्हणजे नक्की कशी? म्हटलं, प्रेशर धरून ठेवायचं, जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडा येतो. म्हणाली, बघायला येऊ का.

डेपो मॅनेजर साहेबांना विचारून ठेवलंय. गुरुवारी दुपारी या म्हणाले.